विश्लेषण : सोयाबीन शेतात पिवळे पडले की फोटोत? मोबाइलमधील ‘निवडक’ रंगबदल किती निरुपद्रवी?

कृत्रिम प्रज्ञेने तयार केलेल्या किंवा बदललेल्या चित्रांवर तसा ठळक उल्लेख सक्तीचा करणारे केंद्र सरकारचे नियम २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाले. फोटोचा रंग सुधारण्यासारखी नेहमीची कामे मात्र त्यातून वगळण्यात आली आहेत. लग्नाच्या अल्बमसाठी ही सवलत योग्यच आहे. पण वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाडसारख्या सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यात पानाचा रंग हेच रोगाचे पहिले लक्षण असते आणि नुकसानीची पहिली खूणही. तेथे फोटोतील फक्त पानांचा रंग बदलणे हा ‘सुधारणे’चा भाग मानायचा का, हा प्रश्न उरतो. फोटोचा एकच भाग निवडून त्याचा रंग बदलण्याचे हे तंत्र काय आहे आणि त्यात धोका कोठे आहे, याचा हा आढावा.

नियमांत नेमके काय म्हटले आहे?

माहिती तंत्रज्ञान नियमांतील दुरुस्तीचा मसुदा केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केला होता. चित्राच्या किमान १० टक्के भागावर शिक्का असावा, अशी त्यात तरतूद होती. अंतिम नियम १० फेब्रुवारी २०२६ रोजी आले, तेव्हा ही टक्केवारीची अट गेली आणि काही अपवाद जोडले गेले. सद्हेतूने केलेले नेहमीचे संपादन, तांत्रिक दुरुस्ती, रंग जुळवणे, चित्रातील दाणेदारपणा घालवणे, फाइलचा आकार कमी करणे या गोष्टी ‘कृत्रिमरीत्या निर्मित माहिती’ ठरत नाहीत. मात्र अशा संपादनामुळे मूळ आशय, संदर्भ किंवा अर्थ बदलता कामा नये, ही अट त्याच वाक्यात आहे. तेव्हा सवलत सरसकट नाही. रंग बदलला यापेक्षा रंग बदलल्याने अर्थ बदलला का, हे पाहिले जाणार आहे.

ऐकायला ही कसोटी सोपी वाटते. मिरवणुकीच्या फोटोत आभाळ थोडे निळे केले तर कोणाचेच काही बिघडत नाही. त्याच फोटोतील एका झेंड्याचा केशरी रंग हिरवा केला, किंवा हिरव्याचा केशरी केला, तर गावाची शांतता बिघडू शकते. दोन्ही वेळी साधन एकच, बोटाची हालचालही तेवढीच आणि लागणारा वेळही दहा-पंधरा सेकंदांचाच. संगणकाला या दोन कामांत काही फरक दिसत नाही. फरक फक्त माणसाला कळतो, आणि तोही त्याने मूळ फोटो पाहिला असेल तरच. समाजमाध्यम कंपन्यांनी असा बदल आपोआप ओळखावा, ही अपेक्षा म्हणूनच फारशी वास्तववादी नाही.

निवडक रंगबदल म्हणजे काय?

मोबाइलमधील फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे साठवलेले असतात : लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांच्या दरम्यान असतो. उदाहरणार्थ, सोयाबीनच्या निरोगी पानावरील एखाद्या ठिपक्याचे आकडे ९०, १३० आणि ५० असू शकतात. हेच आकडे रंगाच्या वर्तुळावर मांडले तर लाल शून्य अंशावर, पिवळा ६० अंशांवर आणि गर्द हिरवा १२० अंशांवर येतो. आपला ठिपका बरोबर ९० अंशांवर, म्हणजे पिवळा आणि हिरवा यांच्या मधोमध आहे. झाडाची पाने डोळ्यांना हिरवीगार वाटतात, पण फोटोत ती बहुधा अशी पिवळ्याकडे झुकलेलीच असतात. हे लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच होतो.

आता हा ठिपका ९० वरून ५५ अंशांवर सरकवला, तर आकडे होतात १३०, १२३ आणि ५०. पान पिवळे झाले! उजेड तेवढाच राहिला, रंगाचा गडदपणाही तेवढाच. पानावरच्या शिरा, अळीने पाडलेली भोके, दवाचा थेंब, सावली सगळे जागच्या जागी. नवीन काही काढलेले नाही आणि खोडलेलेही नाही. म्हणून असा फोटो पाहताना ‘काहीतरी चुकतेय’ असे वाटत नाही. कोणाचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर चिकटवला तर कुठे ना कुठे सांधा दिसतो. येथे सांधाच नसतो.

हा बदल संपूर्ण फोटोला लावला तर बांधावरचे गवत आणि मागचे कडुनिंबाचे झाडही पिवळे दिसेल आणि लबाडी उघडी पडेल. म्हणून आधी भाग निवडावा लागतो. त्यासाठी सॉफ्टवेअर फोटोवर एक अदृश्य पडदा तयार करते. पडदा जेथे पांढरा तेथे बदल पूर्ण लागू, जेथे काळा तेथे अजिबात नाही आणि जेथे करडा तेथे अर्धामुर्धा. कडेला पडदा हळूहळू विरळ होत गेल्याने बदललेला आणि न बदललेला भाग एकमेकांत मिसळून जातो. रंगबदलाचे गणित जुनेच आहे. खरी करामत हा पडदा किती चपखल बसतो यात आहे.

हे तंत्र खिशात कसे आले?

फोटोतील एकच भाग रंगवणे ही काही संगणकाची देणगी नाही. कृष्णधवल फोटोवर पारदर्शक रंगांनी गालावर लाली आणि कपाळावर कुंकू भरून देणारे कलाकार एकेकाळी गावोगावच्या स्टुडिओंत असत. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे व्रण पुसणे हे तर स्टुडिओचे रोजचेच काम. अनेक घरांच्या भिंतीवर आजी-आजोबांचे असे फोटो आजही आहेत. फरक इतकाच की, ते रंगवलेले आहेत हे पाहणाऱ्याला कळत असे आणि ते लपवण्याचा कोणाचा हेतूही नसे.

संगणकावर हे काम पूर्वी माऊसने कडा कोरत करावे लागे. ‘निक सॉफ्टवेअर’ या कंपनीने त्याला सोपा पर्याय काढला : फोटोवर एका बिंदूवर बोट ठेवायचे, वर्तुळ लहानमोठे करायचे आणि त्या वर्तुळात त्या बिंदूसारखाच रंग असलेले ठिपके सॉफ्टवेअरने स्वतः शोधायचे. याच कंपनीचे ‘स्नॅपसीड’ हे ॲप २०११ मध्ये आले. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर ॲप मोफत झाले. आज त्यातील ‘सिलेक्टिव्ह’ हे साधन शाळकरी मुलेही सहज वापरतात. त्यात निवडलेल्या भागाचा उजेड आणि रंगाचा गडदपणा कमी-जास्त करता येतो. ‘लाइटरूम’सारख्या ॲपमध्ये त्यापुढे जाऊन निवडलेल्या भागाचा मूळ रंगच फिरवता येतो. ‘अडोबी’ने ऑक्टोबर २०२१ मध्ये या ॲपची पडदा बनवण्याची पद्धत नव्याने रचली, तेव्हापासून ‘आकाश’ किंवा ‘मुख्य विषय’ असे नुसते बटण दाबले की सॉफ्टवेअर तो भाग ओळखून स्वतःच कोरून देते. ज्या कामाला स्टुडिओतील कारागिराला दुपार लागायची, ते आता एसटीच्या थांब्यावर उभ्या उभ्या होते.

कारंज्याच्या सोयाबीनचा येथे संबंध काय?

कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, जुन्या जैन मंदिरांचे आणि हस्तलिखितांचे गाव, आणि आता समृद्धी महामार्गावरचे ठिकाण म्हणून बाहेर ओळखले जाते. पण येथील वर्षाचे गणित ठरते ते सोयाबीन, तूर आणि कपाशीवर. आणि सोयाबीनच्या बाबतीत ‘पिवळे’ हा शब्द एका नव्हे, निदान चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिली म्हणजे पिवळा मोझॅक. पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा हा विषाणूजन्य रोग. पानांवर पिवळ्या आणि हिरव्या रंगाचे चट्टे एकमेकांत मिसळलेले दिसतात. २०२३ च्या खरिपात विदर्भासह राज्याच्या अनेक भागांत या रोगाने आणि त्याच्या जोडीला आलेल्या मूळकूज-खोडकूजीने उभी शेते गेली. विषाणूवर औषध नाही. रोगट झाड उपटायचे आणि पांढरी माशी आटोक्यात ठेवायची, एवढेच हाती असते. दुसरी गोष्ट लोहाची कमतरता. यात कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. तिसरी म्हणजे शेतात पाणी साचणे. काळ्या जमिनीत पाणी तुंबले की मुळांवरच्या गाठींना हवा मिळत नाही, नत्र कमी पडते आणि झाड खालून पिवळे होत जाते. चौथी गोष्ट तर आजारच नाही : पीक काढणीला आले की सोयाबीन पिवळे पडून पाने गाळतेच.

या चारही परिस्थितींचे उपाय वेगळे. एकात कीटकनाशक, दुसऱ्यात फेरस सल्फेटची फवारणी, तिसऱ्यात चर काढून पाणी बाहेर काढणे आणि चौथ्यात मळणीयंत्र ठरवणे. त्यातला फरक कशावरून कळतो? पिवळेपणा पानाच्या कोणत्या भागात आहे, शिरांचा रंग कोणता आहे आणि चट्ट्यांच्या कडा ठळक आहेत की धूसर, यावरून. म्हणजेच निवडक रंगबदल ज्या सूक्ष्म फरकाशी खेळतो, नेमका तोच.

आता हा निदानाचा व्यवहार मोबाइलवर आला आहे. शेतकरी पानाचा फोटो काढतो, गटावर टाकतो किंवा कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला पाठवतो आणि विचारतो, ‘कोणता रोग आहे, काय फवारू?’ उत्तर पाच मिनिटांत येते. केंद्र सरकारनेही १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. तिच्या ॲपवर किडीचा वा रोगट पिकाचा फोटो टाकला की कृत्रिम प्रज्ञा निदान आणि सल्ला देते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ प्रत्येक शेतकऱ्याला दरवेळी गाठता येत नाही. पण फोटोतील रंग खरा नसेल, तर पाच मिनिटांत आलेले उत्तर एकरी फवारणीचा खर्च पाण्यात घालू शकते.

आपण काहीच न करता रंग कसा बदलतो?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुद्दाम फसवणारे थोडे असतात. बहुतेक वेळा रंग बदलतो तो फोनच्या आत, बटण दाबल्यावर फोटो दिसेपर्यंतच्या क्षणात.

फोनचा कॅमेरा उजेडाचा अंदाज घेताना साधारण असे गृहीत धरतो की, चौकटीतील सगळे रंग मिसळले तर सरासरी करडी यावी. घर, रस्ता, माणसे असतील तर हा अंदाज बरा ठरतो. पण फोन पानाजवळ नेऊन चौकट हिरव्याने भरली, की सरासरी हिरवी येते. कॅमेऱ्याला वाटते उजेडच हिरवट आहे, आणि तो सगळा फोटो जांभळट-लाल बाजूला ओढतो. पान निस्तेज दिसू लागते. संध्याकाळच्या उन्हात याच्या उलट होते. ऊन मुळातच पिवळे, त्यात निरोगी शेतही मोझॅक झाल्यासारखे दिसू शकते.

त्यापुढचा टप्पा खरा निवडक. आजचे फोन फोटोतील आकाश, चेहरा, केस, झाडे हे भाग वेगळे ओळखतात आणि प्रत्येकावर वेगळी प्रक्रिया करतात. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आणलेल्या ‘फोटोग्राफिक स्टाइल्स’ची जाहिरातच अशी होती की, फोटोच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे बदल लागू होतात आणि त्वचेचा रंग सांभाळला जातो. इतर कंपन्यांच्या फोनमध्ये ‘दृश्य सुधारणा’ अशा काहीशा नावाची सोय असते. समोर झाडे आहेत असे कळले की ती हिरवा रंग गडद करते. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपला, तेव्हा फोनने पडद्यावर नसलेले बारकावे त्यात भरले. त्यानंतर कंपनीला ही प्रक्रिया कशी चालते याचा खुलासा करावा लागला होता.

चंद्राबाबत हा करमणुकीचा विषय झाला. पानाबाबत तो तसा राहत नाही. फोनने हिरवा रंग खुलवला, तर रोगाची पहिली पिवळसर छटाच झाकली जाते. म्हणजे फोटो अधिक सुंदर आणि कमी उपयोगाचा! फोन विकताना ‘कॅमेरा भारी आहे’ असे सांगितले जाते ते फोटो मनाला कसा भासतो यावरून. तो खरा किती, हे कोणी मोजत नाही.

फोटोवर नुकसानभरपाई ठरते का?

थेट नाही, आणि हे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे. राज्यातील एक रुपयात पीक विमा योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. सुधारित योजनेत भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघालेल्या उत्पादनावर ठरते. शेतकऱ्याचा फोटो त्या हिशेबात येत नाही. अतिवृष्टीची सरकारी मदत पंचनाम्यावर मिळते. तेथे ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी यांची पाहणी असते आणि ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसानीची अट असते. २०२५ च्या पावसाळ्यातील नुकसानीनंतर राज्याने ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेही अशाच पंचनाम्यांच्या आधारे.

पण फोटोची जागा वाढत चालली आहे. ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन पिकाचा फोटो अपलोड करायचा असतो आणि त्यावर सातबाऱ्यावरील पिकाची नोंद अवलंबून असते. त्याहून महत्त्वाचा बदल नोव्हेंबर २०२५ मधला. वन्य प्राण्यांमुळे होणारे पिकाचे नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्याच्या कक्षेत आणण्याचा निर्णय केंद्राने जाहीर केला. त्यात शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत पीक विमा ॲपवर स्थाननोंद असलेले फोटो टाकून नुकसान कळवायचे आहे. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्यांनी अधिसूचित करायचे आहे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या भोवतीच्या शेतकऱ्यांना या निर्णयाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. काळवीट, रोही आणि रानडुक्कर यांच्या त्रासाने रात्री शेतात जागलीला जाणारी माणसे तेथे घरोघरी आहेत.

सरकारी ॲप फोटो थेट कॅमेऱ्यातून घेण्याचा आणि ठिकाणाची नोंद जोडण्याचा आग्रह धरतात, तो याच कारणासाठी. गॅलरीतला, आधी रंगवलेला फोटो सहजासहजी आत येऊ नये. पण ठिकाणाची नोंद एवढेच सांगते की, फोन कुठे होता. पान कोणत्या रंगाचे होते, हे ती सांगत नाही. आणि फोनच्या आतच जी रंगसफाई होते, तिला ॲपही रोखू शकेलच असे नाही.

यात एक दुसरी बाजूही आहे, आणि ती अधिक टोचणारी आहे. रंग बदलणे इतके सोपे झाले की खऱ्या फोटोवरही संशय घेता येतो. ‘हा एडिट केलेला आहे’ असे म्हणायला काही लागत नाही. तो तसा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र शेतकऱ्यावर येते. साधन सर्वांच्या हाती असले तरी संशयाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

न्यायालयात असा फोटो टिकतो का?

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतचा देशातील सर्वांत महत्त्वाचा निकाल जवळच्याच जालन्यातून निघाला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या वादात उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितींवरून ठरवायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरण न्यायालयात आणले नसेल, तर प्रतीसोबत कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यकच आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट कायम आहे, आणि आता प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच. पूर्ण फोटोतील एका ठिपक्याचा रंग एका अंकाने बदलला, तरी हा ठसा संपूर्ण बदलतो. बदल झाला की नाही हे तो सांगतो. बदल कोणता झाला, हे नाही.

ग्रामीण भागात नेमके येथेच घोडे पेंड खाते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबून लहान केला जातो, आणि तारीख, वेळ, ठिकाण, फोनचे मॉडेल अशा आतल्या नोंदी निघून जातात. त्या प्रतीचा ठसा मूळ फोटोशी जुळत नाही. जागा होत नाही म्हणून मूळ फोटो पुसून टाकला आणि गटावरची प्रत तेवढी राहिली, तर प्रामाणिक शेतकऱ्याचा पुरावाही लंगडा होतो. जाणूनबुजून खोटा इलेक्ट्रॉनिक अभिलेख तयार करणाऱ्यासाठी कायदा कडक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ नुसार बनावटीकरणाला दोन वर्षांपर्यंत, आणि फसवणुकीसाठी केले असल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

निवडक रंगबदल ओळखता येतो का?

मूळ फाइल हाती असेल तर बऱ्याचदा येतो. कॅमेऱ्याचा संवेदक प्रत्येक ठिपक्यावर तीनपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो. त्यामुळे संपूर्ण फोटोत ठिपक्यांचे एक ठरावीक आपसातले नाते असते. एखाद्या भागाचाच रंग बदलला की त्या भागात हे नाते बिघडते, आणि तज्ज्ञांचे सॉफ्टवेअर ते पकडते. फोटो साठवताना तो आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत दाबला जातो. दोनदा दाबल्याच्या खुणाही मागे राहतात. पण व्हॉट्सॲपच्या दोन-तीन गटांतून फिरून आलेल्या फोटोत या खुणा जवळपास पुसलेल्या असतात.

डोळ्यांनी पाहायचे तर कडा पाहाव्यात. पानाच्या कडेला मूळ हिरव्याची बारीक किनार राहिली आहे का? जवळच्या मातीवर किंवा देठावर पिवळा रंग सांडला आहे का? त्याच चौकटीत दुसरे हिरवे काही असेल, तर त्याचा रंग पटतो का? तरीही खात्रीने सांगता येत नाही. आतापर्यंत सांगितलेल्या कारणांमुळे फोनने स्वतः केलेला बदलही तसाच दिसतो.

दुसरा मार्ग उलट दिशेने जातो : खोटा फोटो पकडण्याऐवजी खऱ्यालाच जन्मदाखला द्यायचा. अडोबी, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आदींनी २०२१ मध्ये स्थापन केलेल्या ‘सी-टू-पीए’ या गटाची पद्धत अशी आहे की, फोटो कशाने टिपला आणि नंतर त्यावर काय काय केले याची सही केलेली नोंद फाइलमध्येच राहते. लायकाच्या एका कॅमेऱ्यात ती २०२३ मध्ये आली आणि गुगलच्या पिक्सेल १० फोनमध्ये २०२५ साली. पण ही यादी वाचूनच लक्षात येईल की, दहा-बारा हजारांचा फोन वापरणाऱ्यापर्यंत हा दाखला पोहोचायला वेळ आहे.

वृत्तपत्रे आणि लग्नाचे फोटो यांना काय नियम?

वृत्तछायाचित्रांत हा वाद जुना आहे. जून १९९४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ओ. जे. सिम्पसन याचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर मुद्दाम काळवंडून छापला. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तोच फोटो मूळ रूपात छापल्याने फरक सर्वांना दिसला आणि आरोपीला अधिक काळा दाखवल्याबद्दल टीकेची झोड उठली. अमेरिकेतील ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ने २००६ मध्ये आपल्या छायाचित्रकाराला केवळ आकाशाचा रंग बदलल्यामुळे कामावरून काढले. आकाश बदलले म्हणून नोकरी गेली, हे आपल्याकडे अनेकांना अतिरेकी वाटेल. पण बातमीतला रंग ही माहिती असते, हाच त्यामागचा विचार होता.

लग्नाच्या बायोडाटातील फोटोला असा कोणताच नियम नाही. चेहऱ्यापुरता उजेड वाढवणे हे स्टुडिओत न सांगता होते आणि फोनमधील ‘ब्यूटी’ पर्याय ते न विचारता करतो. गुगलने २०२१ मध्ये सावळ्या त्वचेचे रंग खरे यावेत म्हणून ‘रिअल टोन’ आणले, हे येथे नमूद करायला हवे. म्हणजे आधी ते खरे येत नव्हते, ही कबुलीच. ‘सोयाबीन पिवळे केले’ तर गुन्हा आणि ‘मुलगी गोरी केली’ तर सेवा, हा आपला दुटप्पीपणा कोणत्याही केंद्रीय नियमाच्या कक्षेत येत नाही.

पिकाचा फोटो काढताना काय काळजी घ्यावी?

कॅमेऱ्यातील ‘दृश्य सुधारणा’, फिल्टर आणि ब्यूटी हे पर्याय बंद करावेत. पान भर उन्हात किंवा मावळतीच्या उजेडात न धरता, दिवसा स्वतःच्या सावलीत धरावे. चौकटीत पानाशेजारी वहीचा कोरा पांढरा कागद ठेवावा. कागद फोटोत पिवळट दिसला, तर पानाच्या पिवळेपणावर किती भरवसा ठेवायचा ते पाहणाऱ्याला लगेच कळते. तज्ज्ञ असो की ॲप, एवढ्या एका कागदाने निम्मे काम सोपे होते.

एकाच पानाचा फोटो पाठवू नये. पानाचा जवळून, झाडाचा पूर्ण आणि शेताचा दुरून असे तीन तरी असावेत. पिवळेपणा वरच्या पानांत आहे की खालच्या, हे एका पानावरून कोणालाच सांगता येणार नाही. सोबत पेरणीची तारीख, वाण आणि शेतात पाणी साचले होते का, हे लिहावे. रंगाने जे सांगता येत नाही, ते या तीन ओळी सांगतात.

नुकसानीचा फोटो असेल तर तो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. मूळ फोटो फोनमधून पुसू नये. मुलाने तो ‘जरा छान’ करून ठेवला असेल तर सुधारलेली प्रत वेगळी जतन करावी. स्थाननोंद फोटो काढण्यापूर्वी सुरू असावी. आणि वन्य प्राण्यांनी केलेल्या नुकसानीच्या दाव्यात ७२ तासांची मुदत चुकवू नये. फोटोच्या रंगावर वाद घालता येतो. उशिरा कळवले, तर वाद घालायलाही जागा राहत नाही.